रस्ता कोणाच्याच घरचा नाही

तिच्या दारात ट्रक उभा राहिला की माझ्या पोटात दुखायचं. गोष्ट एवढीच होती. आमच्या सोसायटीच्या शहाण्या मंडळींनी पुढे त्यात तेलाचे डाग आणले, धूर आणला, नियम आणले, सभा घेतल्या, त्यामुळे सगळ्यांना वाटत राहिलं की भांडण ट्रकचं आहे. माझं भांडण ट्रकशी नव्हतं. ट्रकच्या केबिनमध्ये खिडकीशी जी बाई बसायची, तिच्याशी होतं. आणि तिच्याशीही ते तोंडावर कधी झालं नाही. मनातल्या मनात मात्र मी रोज तिच्या झिंज्या उपटत होते.

आम्ही राहत होतो ते वर्ध्याच्या बाहेर, नालवाडीच्या अंगाला. पन्नास सालानंतरची ती वर्षं. काही मास्तर, काही कारकून, एकदोन वकील अशांनी मिळून सोसायटी केली, काळ्या रानात प्लॉट पाडले आणि ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे दोन-तीन खोल्या उभ्या केल्या. आमची गल्ली एका टोकाला मोठ्या रस्त्याला मिळायची आणि दुसऱ्या टोकाला विहिरीपाशी संपायची. विहिरीकडून बाहेर पडायला वाट नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे. आमचे हे शाळेत मास्तर आणि सोसायटीचे सेक्रेटरी. शाळेत पोरं त्यांचं ऐकत नसत, त्याची भरपाई ते सोसायटीत करून घेत.

शेजारचं घर कापूस बाजारातल्या एका कारकुनाचं होतं. मूळचा शेतकरी घरचा माणूस, बोलायला मोकळा, हसायला त्याहून मोकळा. एक दिवस त्याने नोकरी सोडली आणि लढाईच्या वेळचा, लिलावात निघालेला ट्रक घेऊन आला. आष्टीकडच्या बागांतली संत्री भरायची आणि वर्ध्याच्या स्टेशनवर आणून उतरवायची, हा धंदा. चालवायचाही तोच. काम नसलं की ट्रक गल्लीत. त्याचं तोंड त्यांच्या फाटकासमोर आणि शेपूट माझ्या फाटकासमोर, कारण एका घरापुढे मावेल एवढा तो लहान नव्हता. जिथे मी रांगोळी काढायचे तिथे काळं तेल ठिबकायचं. सकाळी हँडल मारून तो सुरू केला की माझ्या स्वयंपाकघरातली ताटं फळीवर थरथरायची. चेंगरलेल्या संत्र्यांवरच्या माश्या त्यांच्याकडे न जाता आमच्याच ओसरीत येऊन बसायच्या. या तक्रारी खऱ्या होत्या. ह्यांना त्या एकेक करून मीच पुरवल्या.

खरं दुखणं वेगळं होतं. माझं माहेर आष्टी.

मला आष्टीला जायला मिळायचं वर्षातून एकदा, तेही ह्यांना सुटी असेल आणि मन असेल तर. आर्वीला मोटार बदलायची, तासन् तास धुळीत उभं राहायचं, मग गर्दीत कोणाच्या तरी पेटीवर बसून, ओकत ओकत घर गाठायचं. आणि ती? मनात आलं की पोरगी कडेवर घ्यायची, पदर खोचायचा आणि केबिनमध्ये चढायचं. आष्टीत तिचं कोणी नव्हतं. तिची आई ती रांगत होती तेव्हाच वारली होती, माहेर म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. हे तिनेच मला पहिल्या ओळखीत सांगितलं होतं. मला ते पक्कं माहीत होतं आणि माहीत असून मी जळत होते. जळायला काही हिशेब लागतो, असं मला तरी वाटत नाही.

त्यात मूर्खपणा माझाच. ती पहिल्यांदा निघाली तेव्हा मीच फाटकावरून म्हटलं, "माई माय बाजाराच्या मांगं राह्यते. जमलं तं डोकावून येजा."

ती डोकावून आली. चांगली जेवूनच आली.

"मास्तरीनबाई, तुमच्या मायकडे गेलतो जी आम्ही," उतरल्या उतरल्या ती म्हणाली. "मावशीनं जाऊच नाई देल्लं. पिठलं-भाकर खाऊ घातली. अन् माया केसाले तेल लावून देलं. किती वर्सानं कोनी लावलं बाप्पा!"

तिने मान वळवून वेणी दाखवली. घट्ट, चापूनचोपून घातलेली, शेवटी दोरी दोनदा फिरवून बांधलेली. ती माझ्या मायची वेणी होती. मी कुठेही ओळखली असती. मायने माझ्यासाठी कुरडया पाठवल्या होत्या, त्या मी घेतल्या, "बरं झालं," म्हटलं आणि आत जाऊन भांडी आपटली.

मग हे नेहमीचंच झालं. ट्रक आला की माझ्यासाठी गाठोडं यायचं. कधी सांडगे, कधी तीळ, कधी घरच्या तुरीची डाळ. गाठोड्याबरोबर बातम्या यायच्या. मायचा गुडघा दुखतो. मायने नवी गाय घेतली. मायने तिच्या पोरीला मांडीवर झोपवलं. माझ्या आईच्या गुडघ्याची खबर मला शेजारणीकडून कळायची आणि ती सांगायचीसुद्धा अशी, की जणू मीच पाहुणी. सुरुवातीला ती "मावशी" म्हणायची. संक्रांत झाली आणि एक दिवस ती बोलता बोलता म्हणाली, "माय म्हनत होत्या..."

"कोनाची माय?" मी विचारलं.

"तुमचीच नं जी," ती हसली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण करता काय? ट्रक गल्लीतून जावा असं मला रोज वाटायचं, आणि चार दिवस तो आला नाही की मीच फाटकाशी जाऊन मोठ्या रस्त्याकडे बघत उभी राहायचे.

एक रीत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आईबाप घेत नाहीत. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. माय मागे एकदा कोणाच्या लग्नाच्या निमित्ताने वर्ध्याला आली, तेव्हा तासभर माझ्या ओसरीत बसली. बरोबर फिरकीचा तांब्या होता. घोटभर पाणी प्यावंसं वाटलं तर तिने त्याची फिरकी उघडली, आपलंच पाणी प्यायली आणि फिरकी पुन्हा घट्ट लावली. माझ्या घरात भरलेले दोन माठ होते. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण रीत मोडायची ती बाई नव्हती.

तर ह्यांनी सोसायटीत विषय काढला. मी म्हटलं, "बोला, नाहीतर मी बोलते." आधी रस्त्याच्या कडेने, आमच्या आणि त्यांच्या फाटकांसमोर, चुना मारलेल्या दगडांची ओळ लावण्यात आली, म्हणजे ट्रक कडेला उभा राहू नये. शेजाऱ्याने काय केलं, ट्रक दगड सोडून रस्त्याच्या मध्याकडे उभा करायला सुरुवात केली. आधी अर्धा रस्ता अडायचा, आता पाऊण अडायला लागला. मग सभेची नोटीस निघाली.

नेमक्या त्याच वेळी, सभेच्या आदल्या संध्याकाळी, ट्रक आष्टीहून आला आणि केबिनमधून माझी माय उतरली.

"मीच आनलं जी त्याइले," शेजारीण मोठ्या अभिमानाने म्हणाली. "म्हनलं, चाला माय, लेकीले भेटून घ्या. राहा माया घरी. माया घरचं तं चालते नं तुमाले?"

मायला ते चाललं. लांब कुठे नाही, मध्ये एकच भिंत होती. भिंतीच्या त्या बाजूला माझी आई पाटावर बसून जेवत होती, ताटात आणखी भाजी घालू का असं शेजारीण विचारत होती, माय "नाई पोरी, पुरे" म्हणत होती, आणि मी या बाजूला ह्यांच्या ताटात वरण वाढत होते. ह्यांनी "मीठ कमी आहे" म्हटलं, तर मी मिठाचं भांडंच त्यांच्यासमोर आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतच, कडुनिंबाखाली सभा झाली. बायका आपापल्या ओट्यांवर. माय शेजारणीच्या ओट्यावर, डोक्यावरून पदर घेऊन. अध्यक्ष म्हणजे गल्लीतले सगळ्यांत वयस्क गृहस्थ. तरुणपणी दारूच्या दुकानांसमोर आणि परदेशी कापडाच्या गाड्यांसमोर बसून बसून ते तुरुंगात जाऊन आले होते आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. ह्यांनी उभं राहून ठराव वाचला. आवाज शाळेतला लावला होता.

"रस्ता हा कोणत्याही सभासदाच्या घराचा भाग नाही. रस्ता कोणाच्याच घरचा नाही. सबब तिथे कोणीही घरासारखी वहिवाट करू नये."

"मंग गाडी ठेवू कुठी?" शेजाऱ्याने विचारलं. "डोक्यावर?"

"स्टेशनकडे ठेवा."

"तिकडं टायर काढून नेतात जी. अन् गाडी काई तुमच्या फाटकात नाई ठेवली. रस्त्यावर हाये."

"तेच तर म्हणतो आहे," हे म्हणाले, "रस्ता कोणाच्याच घरचा नाही!" आणि खूश होऊन खाली बसले. ठराव मंजूर झाला. शेजारी हसत उठून गेला आणि ट्रक जिथे होता तिथेच राहिला.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी सत्याग्रह सुरू झाला. अध्यक्षांना एकच रीत माहीत होती, गाडीसमोर बसायचं. सतरंजी आली. ट्रकच्या बरोबर तोंडापुढे अध्यक्ष, हे, दोन कारकून आणि एक वकील मांडी घालून बसले. अध्यक्षांनी टकळी काढली. ह्यांनीही काढली, पण ह्यांचा धागा दर हाताला तुटायचा. शेजारी आष्टीला जायला निघाला होता. तिकडे बागेत तोडलेली संत्री पडून होती. तो हँडल हातात घेऊन या मंडळींसमोर उभा राहिला.

"उठा जी, म्हनजे मी निंगतो," तो म्हणाला.

"तुम्ही ट्रक हलवल्याशिवाय आम्ही उठणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

"तुमी उठल्याबिगर हलवू कसा? आंगावरून नेऊ काय?"

"न्या!" अध्यक्षांनी छाती पुढे काढली.

पूर्वी गाडी अडवायची असायची म्हणून तिच्यासमोर बसत. आता गाडी घालवायची होती, तरी तिच्यासमोरच बसले. मागे विहीर, पुढे अध्यक्ष. ट्रक जाणार कुठून? हे एकाच्याही ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तर सगळ्यांत आधी उठायची लाज वाटली असेल. जेवायला पाळीपाळीने गेले, रात्री दोघे कारकून पांघरुणं घेऊन तिथेच पडले. शेजाऱ्यालाही ताठा चढला. चोरासारखा निघून जाणार नाही, म्हणाला, जाईन तर दिवसाउजेडी आणि सरळ तोंडाने जाईन.

मी ह्यांना हे ध्यानात आणून देऊ शकले असते. दिलं नाही, कारण ट्रक अडला म्हणून माय अडली होती. आज निघणार होती ती निघू शकली नाही. आई अजून राहणार म्हणून मला आनंद झाला आणि राहणार तिच्या घरी म्हणून तोच आनंद कडू झाला.

दुपारी माय माझ्या ओसरीत येऊन बसली. फिरकीचा तांब्या शेजारी. तांब्यातलं पाणी आता शेजारणीच्या माठातलं होतं. आम्ही माहेरच्या गोष्टी करत होतो, मला जरा बरं वाटायला लागलं होतं, इतक्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"माय, जेवाले चाला जी! सोल्याची भाजी केली!"

माय उठायला लागली. तिच्या आवडीची भाजी. तुरीचे ओले दाणे, वांगं घालून. माझ्यासारखी ती भाजी वर्ध्यात कोणी करत नाही आणि ती करायला मी मायकडेच शिकले होते.

"जाय," मी म्हटलं. "तिच्या घरचं चालते तुले. माया घरचं घोटभर पानी नाई चालत."

माय थांबली. "थे माई लेक नाई, म्हनून चालते."

"मंग तुले माय काऊन म्हनते थे? अन् तू पोरी काऊन म्हनते तिले? तेल मायासाठी नाई, वेनी मायासाठी नाई, अन् जेवाले बी तिकडंच!"

मी रडायला लागले. रागाने रडले, दुःखाने नव्हे. एरवी मायने मला दटावलं असतं. त्या दिवशी नुसता तांब्या उचलला आणि गेली. मी भिंतीला कान लावून ऐकलं. पलीकडे ती जेवताना एक शब्द बोलली नाही, आणि "भाजी बिघडली काय, माय?" असं शेजारीण विचारत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर घ्यावंसं वाटेल अशी थंडी होती. समोर सतरंजीवर मंडळी शाली पांघरून बसली होती. मी अंगण झाडत होते. शेजारणीच्या घरातून माय बाहेर आली, काखेत ज्वारीच्या पिठाची पिशवी. शेजारणीचा पाहुणचार फुकट नको म्हणून ते पीठ तिने आष्टीहूनच बरोबर आणलं होतं. ती ट्रकला वळसा घालून त्याच्या शेपटाकडे आली, म्हणजे माझ्या फाटकासमोर. चुना मारलेल्या दगडांची ओळ तिने नीट न्याहाळली. एक दगड पायाने हलवून पाहिला, मग दोन्ही हातांनी उचलला आणि रस्त्यात ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. तीन दगड जुळवून चूल मांडली.

"माय, काय करून राह्यली?"

"भूक लागली मले," माय म्हणाली. "तू भाकर टाक."

"इथं?"

"मंग कुठी?"

दगड हलल्याचा आवाज ऐकून हे टकळी हातात घेऊन धावत आले. सासू-जावई एकमेकांशी थेट बोलत नसत. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, त्यांना सांग, हे सोसायटीचे दगड आहेत. आणि हा रस्ता आहे."

मायने पदर पुढे ओढला आणि ट्रकच्या चाकाकडे तोंड करून म्हणाली, "जवाईबापूले सांग, त्याइनंच वाचून दाखवलं. रस्ता कोनाच्याच घरचा नाई. कोनाच्याच नाई, म्हनजे माया लेकीच्याबी घरचा नाई. मंग इथं जेवाले मले कोनाची मनाई हाये?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता चिडणार. पण ते टकळीला धागा गुंडाळत हळूच म्हणाले, "धूर जरा पुढे येणार नाही असं बघ." आणि परत जाऊन सतरंजीवर बसले. लग्नानंतर त्या माणसाचा मला इतका लोभ कधी वाटला नव्हता.

पीठ मायचं. सरपणाला ट्रकमधल्या संत्र्यांच्या फुटक्या पेट्यांच्या फळ्या. दगड सोसायटीचे. तवा आणि परात मात्र शेजारणीची, कारण माझ्या घरचं भांडं मायला चालणार नव्हतं. शेजारीण ती घेऊन आली तेव्हा तिला अजून नीट कळलं नव्हतं काय चाललं आहे. पाणी तरी तिच्या माठातलं नको, म्हणून मी स्वतः विहिरीवर गेले आणि तिचीच घागर घेऊन शेंदून आणलं. विहीर सोसायटीची होती. तेवढ्यात ती वाटीत कालची सोल्याची भाजी घेऊन आली.

"भाजी नको," मी म्हटलं.

"अवो, नुसती भाकर कशी खातीन माय?"

"नको म्हटलं नं."

माय आम्हा दोघींकडे बघत होती. "राहू दे पोरी," ती तिला म्हणाली. "आज मी तेल-तिखटासंगं खातो."

मी रस्त्यात मांडी घालून बसले. पीठ मळलं. पहिली भाकर थापताना मधोमध फाटली, ती मी बाजूला टाकली. धूर डोळ्यांत जात होता, ते एक बरं झालं. दुसरी भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, विस्तवाशी उभी केली आणि ती टम्म फुगली. मायने ती हातावर घेतली, मोडली, आपल्या पिशवीतलं तेल-तिखट लावलं आणि तोंडात घास घातला.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती सावकाश चावत होती. दुसरा घास घेतला. मग भाकर संपली तेव्हा हात पुढे केला आणि म्हणाली, "अजून एक दे."

शेजारीण वाटी हातात धरून ट्रकच्या फळ्यांना टेकून उभी होती. इतके दिवस तिने मायला गरम गरम वाढलं होतं, आग्रह केला होता. आज माय कोरडी भाकर खात होती आणि तिच्याकडे बघतही नव्हती. तिचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

तिसरी भाकर टाकली तेव्हा फळ्यांतली एक ओली निघाली आणि धुराचा लोट ट्रकवरून पुढे गेला.

"ट्रक पेटला! ट्रक पेटला!" पुढून ओरडा झाला.

अध्यक्ष, वकील, कारकून, हे, सगळे सतरंजीवरून उठले आणि धावत मागे आले. येऊन बघतात तो रस्त्यात चूल आणि चुलीपुढे एक म्हातारी जेवते आहे. अध्यक्षांचा श्वास चढला होता.

"बाई, आपण कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"आष्टीची हावो जी," माय म्हणाली. "लेकीच्या हातची भाकर खाऊन राह्यलो."

आष्टी म्हटल्यावर अध्यक्षांनी हात जोडले. बेचाळीसच्या चळवळीत आष्टीची माणसं गोळीबारात पडली होती, आणि ते साल बघितलेला वर्ध्याचा माणूस आष्टीच्या म्हाताऱ्या बाईपुढे हात जोडल्याशिवाय राहणार नाही. ते तिच्याशी दोन शब्द बोलत होते तेवढ्यात पुढे हँडल फिरल्याचा आवाज आला. सतरंजी रिकामी दिसताच शेजारी धावला होता. त्याने ती गुंडाळून कडेला ठेवली आणि ट्रक सुरू केला. ताटं वाजली, भिंती हलल्या, ट्रक हातभर पुढे सरकून थांबला.

"हलला!" अध्यक्ष ओरडले. "ट्रक हलला! आपला विजय झाला!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीही वाजवल्या. शेजाऱ्याने केबिनमधून नमस्कार केला. कोण जिंकलं आणि कोण हरलं हे विचारायला तिथे कोणाला सवड नव्हती.

"मायले घेऊन जातो आता," शेजारी म्हणाला. "संत्रा सडून राह्यला तिकडं."

मायने हात धुतले, तांब्याची फिरकी लावली. पिशवीत अजून पीठ होतं. ते मी उचलायला गेले तर तिने माझा हात धरला. "थे तिच्या घरी ठेवजो. तुया घरी ठेवलं तं तुयं होऊन जाईन. मंग पुढच्या वेळी मी काय खाऊ?"

म्हणजे पुढची वेळ होती. आणि पीठ मात्र तिच्याच घरी राहणार होतं. मी पिशवी शेजारणीच्या हातात दिली. ती आत ठेवून आली, पोरगी कडेवर घेतली आणि मायला पोहोचवायला केबिनमध्ये चढली. माय खिडकीशी, ती मध्ये. मी खाली रस्त्यात, काळ्या झालेल्या तीन दगडांपाशी. ट्रक मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मला केबिनच्या मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एकमेकींना लागून. मी पुन्हा जळायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी गडी चुन्याची बादली घेऊन दगड परत ओळीत लावायला आला. मी त्याला म्हटलं, बाकीच्यांना चुना मार, या तिन्हींना हात लावू नको. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. हे वर्तमानपत्र वाचत होते, ते वाचतच राहिले. ओळीत तीन दगडांची जागा रिकामी राहिली आणि संध्याकाळी ट्रक आला तेव्हा त्याचं मागचं चाक त्या जागेत बरोबर बसलं. पाऊण अडणारा रस्ता पुन्हा अर्धाच अडला. अध्यक्ष फिरायला निघाले होते. त्यांनी ट्रक पाहिला, काठी टेकत बाजूने निघून गेले.

शेजारीण उतरली. आज गाठोडं नव्हतं. ती सरळ घरात निघाली होती, मीच फाटकाशी गेले.

"पोचली काय नीट?"

"पोचल्या." ती पायरीवर थांबली. पोरीचं झबलं ओढत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रस्ताभर तुमचंच चाललं होतं जी त्याइचं. माया लेकीच्या हातची भाकर, माया लेकीच्या हातची भाकर. आर्वी गेली तरी तेच. मी इतले दिवस करून घातलं, त्याचं नावबी नाई काढलं."

ती हसत नव्हती.

"काय म्हने?" मी विचारलं. "नीट आयकू नाई आलं मले."

सगळं ऐकू आलं होतं. पण तिला पुन्हा सांगावं लागलं. ती पुन्हा म्हणाली, अगदी शब्द न शब्द, आणि मी फाटकाला टेकून ऐकत राहिले.